वॉरंटी संपली आणि इंजिनात दोष निघाला: मोटरसायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात आधी एकच सांगणे आहे: दोषाची लेखी नोंद होईपर्यंत इंजिन कोणालाही उघडू देऊ नका. वॉरंटी संपल्यावर माणूस घाबरतो, ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेतो, तो संध्याकाळपर्यंत हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलून ठेवतो, आणि मग कंपनीकडे दाखवायला काहीच शिल्लक राहत नाही. खालची बरीचशी उत्तरे याच मुद्द्याकडे येतात, कारण पैसे कोण भरणार हे तिथेच ठरते.

वॉरंटी खरोखर संपली आहे, हे कसे पाहायचे?

काउंटरवरच्या माणसाने "संपली" म्हटले एवढ्यावर मान डोलावू नका. वॉरंटीचे पुस्तक काढा. मुदत बहुतेक वेळा वर्षे किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल ते अशी असते. मोजणी कोणत्या तारखेपासून हेही बघा. सहसा ती गाडी ताब्यात मिळाल्यापासून असते, गाडी कारखान्यात बनल्यापासून नाही. गाडी शोरूममध्ये काही महिने उभी असेल तर या दोन तारखांत बराच फरक पडतो.

खरेदीच्या कागदांत एक्स्टेंडेड वॉरंटीची पावती दडलेली असू शकते. ती घेतल्याचे लोक विसरतात, सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला तर ती आहे हेच माहीत नसते. शिवाय आधी इंजिनात एखादा पार्ट बदलला असेल तर त्या पार्टला आणि त्या कामाला वेगळी वॉरंटी आहे का, ते बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडते.

वॉरंटीत असतानाच आवाजाची तक्रार केली होती. तेव्हा "चालवा, सेट होईल" म्हणाले. आता मुदत संपली. काय करू?

तुमची बाजू बहुतेकांपेक्षा भक्कम आहे. मुदतीत नोंदवलेला दोष मुदतीतच दुरुस्त झाला नाही, तर मुदत संपली म्हणून तो कंपनीच्या अंगावरून उतरत नाही. पण "मी तोंडी सांगितले होते" हे कोणी ऐकणार नाही. जॉब कार्ड, म्हणजे गाडी कामाला देताना सर्व्हिस सेंटर लिहिते तो नोंदीचा कागद, लागेल.

इथे बारकाईने बघण्यासारखी एक गोष्ट आहे. जॉब कार्डवर "ग्राहकाची तक्रार" आणि "केलेले काम" असे दोन वेगळे भाग असतात. तुम्ही सांगता, "सकाळी गाडी चालू केली की उजव्या बाजूने खडखड येते, गरम झाल्यावर कमी होते." काउंटरवरचा माणूस लिहितो, "जनरल चेकअप." या दोन शब्दांनी तुमची तक्रार कागदावरून नाहीशी होते. म्हणून सही करण्याआधी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, किलोमीटरचा आकडा बरोबर आहे ना ते पाहा आणि कार्डाचा फोटो काढा. जागा नाही म्हणाले तर समासात लिहायला सांगा.

जुनी कार्डे हरवली असतील तर सर्व्हिस सेंटरकडे गाडीचा पूर्ण सर्व्हिस इतिहास मागा. चासी नंबरवर तो त्यांच्या संगणकात असतो. त्या काळात पाठवलेले मेसेज, ईमेल, व्हिडिओ, ॲपमधून केलेल्या बुकिंगमधला तक्रारीचा मजकूर, हे सगळे पुरावेच आहेत.

ही झीज आहे की मूळचा दोष?

सगळा वाद याच प्रश्नावर होतो. क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, प्लग, एअर फिल्टर हे झिजायचेच. पिस्टन, रिंगा, क्रँकचे बेअरिंग, कॅमशाफ्ट, ऑईल पंप, गिअर यांचे आयुष्य मात्र नीट ऑईल बदललेल्या इंजिनात वॉरंटीच्या मुदतीपेक्षा कितीतरी जास्त असायला हवे. मुदत संपल्यावर लगेच यांपैकी काही गेले तर "झीज आहे" हे उत्तर निमूट स्वीकारू नका. कशामुळे झीज झाली, हा पुढचा प्रश्न विचारा.

कारण बहुतेकदा पार्टवरच दिसते. सिलिंडरच्या भिंतीवर सगळीकडून बारीक उभ्या रेघा आणि रिंगा झिजलेल्या असतील तर धूळ आत गेली आहे, म्हणजे एअर फिल्टरची किंवा इनटेकच्या गळतीची चौकशी हवी. पिस्टन ओरखडलेला आणि बेअरिंग निळसर पडलेले असेल तर ऑईल पोहोचलेले नाही. मग ऑईल कमी होते की पंप गेला होता, हे शोधावे लागते. पहिली चूक मालकाची, दुसरा दोष कंपनीचा. बाकी इंजिन आतून स्वच्छ, ऑईलचा गाळ नाही, आणि एकाच कॅम लोबचा (वॉल्व्ह ढकलणाऱ्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा) पृष्ठभाग खवले उडाल्यासारखा झाला असेल तर धातूच्या कठीणपणात किंवा त्या जागी ऑईल पोहोचवणाऱ्या वाटेत दोष असण्याची शक्यता जास्त. म्हणून "कॅम गेला" एवढ्यावर थांबू नका. शेजारचा लोब कसा आहे, ते दाखवायला सांगा.

धूर आणि आवाज यांवरून काही अंदाज येतो का?

अंदाज येतो, निदान होत नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. सकाळी चालू केल्यावर किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळल्यावर निळा भपका येऊन थांबत असेल तर वॉल्व्हच्या ऑईल सीलवर संशय घ्यावा. भार देताना सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, त्यासाठी इंजिन खोलायची गरज सहसा नसते. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ दिसला तर ती वाफच असते. लिक्विड कूल्ड गाडीत तो गरम झाल्यावरही चालूच राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघावे लागेल.

आवाजाचे म्हणाल तर टॅपेटची टिकटिक आणि टायमिंग चेनची खडखड ऐकून अनेकांना "इंजिनच गेले" असे वाटते. दोन्ही कामे तुलनेने छोटी आहेत. चेनचा टेन्शनर एवढासा पार्ट आहे. तो बदलल्यावर आवाज बंद होत असेल तर फुल इंजिन, म्हणजे सगळे इंजिन खोलून दुरुस्त करायचे काही कारण नाही. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर नाहीसा होणारा आवाज बऱ्याचदा पिस्टनचा असतो. भार दिला की खोलवरून येणारी धडधड मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

तोपर्यंत गाडी चालवू का?

ऑईल प्रेशरचा दिवा लागला, खोल धडधड येऊ लागली, चालताना इंजिन जड होऊन आवळल्यासारखे झाले किंवा ऑईल मागच्या टायरवर गळत असेल तर नाही. गाडी टेम्पोत घालून न्या. बेअरिंग सुटलेले इंजिन चालवत राहिलात तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. मग खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि वर "दोष कळूनही चालवली" हा मुद्दा कंपनीच्या हातात जातो. चालू गाडीचे इंजिन जाम झाले तर मागचे चाक लॉक होते. तसे वाटताक्षणी क्लच दाबायचा, हे अंगवळणी पडलेले असावे.

किरकोळ टॅपेटचा आवाज किंवा थोडे ऑईल कमी होणे असेल तर रोज लेव्हल बघत जपून चालवता येते.

इंजिन न उघडता कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

पहिली कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करून, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजवरचा आकडा घेतात. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडे ऑईल सोडून पुन्हा घेतात. आता आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरकडे, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. काही इंजिनांत सुरू व्हायला सोपे जावे म्हणून ऑटोमॅटिक डिकॉम्प्रेशनची सोय असते आणि तिच्यामुळे आकडा मुळातच कमी दिसतो. त्यामुळे आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडून बघायचा, दुसऱ्या गाडीशी नाही.

दुसरी लीक-डाऊन टेस्ट. माझ्या मते हिच्याइतकी प्रामाणिक तपासणी नाही. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून फुसफुसते ते कानाने ऐकतात. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑईल भरायच्या भोकातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. तुम्ही स्वतः शेजारी उभे राहून ऐकू शकता, व्हिडिओ काढू शकता.

गाडी ऑईल खाते अशी तक्रार असेल तर ऑईल खपाची चाचणी मागा. लेव्हल ठरलेल्या खुणेपर्यंत भरतात, ड्रेन बोल्ट आणि फिलर कॅपवर रंगाची खूण करतात, ठरलेले अंतर गाडी चालवायची आणि परत मोजायचे. मधे लेव्हल धोक्याच्या खुणेकडे गेली तर गाडी तशीच दामटू नका, सर्व्हिस सेंटरलाच टॉपअप करायला लावून ते कार्डावर लिहून घ्या. किती खप चालतो याची मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती लेखी मागा.

काढलेल्या ऑईलचा थोडा नमुना स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. प्रयोगशाळेत त्यातले लोह, ॲल्युमिनियम, तांबे मोजता येते आणि कोणता भाग झिजतोय याचा अंदाज येतो. सिलिकॉन जास्त निघाले तर बहुधा धूळ आत जाते आहे. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात) साठलेले फॉल्ट कोडही असतात. बॅटरी काढण्याआधी किंवा कोणी ते पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या.

सर्व्हिस सेंटर म्हणते, "खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही." परवानगी देऊ का?

द्यावी लागेल, पण अटी घालून. कोरे किंवा अर्धवट जॉब कार्ड सही करू नका. त्यावर लिहून घ्या की परवानगी फक्त खोलून तपासण्याची आहे, दुरुस्तीची नाही. खोलण्याची मजुरी किती, दोष कंपनीचा निघाला तर ती कोण भरणार आणि दुरुस्ती नको म्हटले तर गाडी कोणत्या अवस्थेत परत मिळेल, हेही त्यातच येऊ द्या. खोलताना हजर राहता आले तर जरूर राहा. सुरक्षेच्या कारणाने आत जाऊ देत नसतील तर टप्प्याटप्प्याने फोटो मागा: टॅपेट कव्हर काढल्यावर, हेड काढल्यावर, ब्लॉक काढल्यावर. प्रत्येक पार्ट धुण्याआधीचा फोटो हवा. धुतल्यावर गाळही जातो आणि चुराही जातो, म्हणजे अर्धा पुरावा जातो.

मी सर्व्हिसिंग बाहेर केले होते. आता काहीच बोलता येणार नाही का?

येईल, पण अवघड. बाहेर सर्व्हिसिंग केले म्हणून पिस्टनमधला मूळचा दोष तुमच्यामुळे झाला असे ठरत नाही. त्यासाठी त्या सर्व्हिसिंगचा आणि या बिघाडाचा संबंध दाखवावा लागतो. अमेरिकेत तर 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, ठरावीक ब्रँडचा पार्ट किंवा ठरावीक सर्व्हिस वापरली नाही एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र वॉरंटी संपल्यावर तुम्ही जी सवलत मागता ती देण्याचा विचार करताना कंपनी सर्वात आधी सर्व्हिसचा इतिहासच बघते.

म्हणून बाहेरची बिले गोळा करा. ऑईल कोणत्या ग्रेडचे टाकले ते दिसले पाहिजे. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए2, म्हणजे अशा ओल्या क्लचसाठीचा दर्जा, लिहिलेले ऑईल लागते. कारचे ऑईल घातले असेल तर क्लच घसरण्याच्या तक्रारीत तुमची बाजू लंगडी पडते. बोअर वाढवलेला, ईसीयू रिमॅप केलेला (म्हणजे त्यातली सेटिंग बदललेली) असेल तर ते लपवू नका. तपासणीत ते उघडे पडतेच आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

वॉरंटी संपल्यावर कंपनी स्वतःहून खर्च उचलते का?

उचलते, पण मागितल्याशिवाय नाही. याला गुडविल म्हणतात. कधी पार्ट कंपनीचे आणि मजुरी तुमची, कधी खर्चाचा ठरावीक हिस्सा. हा निर्णय डीलरच्या काउंटरवर होत नाही. डीलर प्रस्ताव पाठवतो आणि कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर ठरवतो. त्यामुळे काउंटरवरच्या मुलावर ओरडून काही साधत नाही. त्याला विचारायचे ते एवढेच: "माझी केस कंपनीला पाठवली का, आणि तिचा नंबर काय?"

दुरुस्ती करून बिल भरल्यावर गुडविल मागितले तर मिळण्याची शक्यता फार कमी. आधी अर्ज, मग काम. मजकूर साधा असू द्या, असा काहीसा:

"माझ्या मोटरसायकलची वॉरंटी अमुक तारखेला संपली. अमुक तारखेला, इतक्या किलोमीटरवर, इंजिनात पुढील दोष आढळला. सर्व सर्व्हिस वेळेवर झाल्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. हाच आवाज मी वॉरंटीच्या काळात अमुक तारखेच्या जॉब कार्डवर नोंदवला होता. लीक-डाऊन टेस्टचा निकाल आणि फोटो जोडले आहेत. इतक्या कमी वापरात हा पार्ट निकामी होणे ही सामान्य झीज नाही, असे माझे म्हणणे आहे. कंपनीने दुरुस्तीचा खर्च करावा ही विनंती. आपला निर्णय कारणांसह लेखी कळवावा. तोपर्यंत मी इंजिन दुरुस्त करून घेणार नाही."

शिव्या नाहीत, सोशल मीडियाची धमकी नाही. शेवटून दुसरे वाक्य सर्वात महत्त्वाचे, कारण लेखी नकार हाच पुढच्या पायरीचा पाया असतो.

माझ्याच मॉडेलच्या अनेकांना हाच त्रास आहे. त्याचा उपयोग होतो का?

खूप होतो. आधी कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर घालून रिकॉल आहे का ते बघा. सुरक्षेशी संबंधित रिकॉलचे काम वॉरंटी संपलेल्या गाडीवरही सहसा मोफतच होते. रिकॉल जाहीर न करता सर्व्हिसला आलेल्या गाड्यांवर गुपचूप पार्ट बदलण्याच्या मोहिमाही असतात. त्याबद्दल थेट विचारा: "या चासी नंबरवर काही कॅम्पेन बाकी आहे का?"

आणखी एक खूण पार्टच्या नंबरात असते. कंपनीने एखाद्या पार्टची रचना सुधारली की त्याचा नंबर बदलतो, बऱ्याचदा फक्त शेवटची अक्षरे किंवा आकडे. तुमच्या गाडीतल्या टेन्शनरचा जुना नंबर आणि आता काउंटरवर मिळणाऱ्याचा नंबर वेगळा असेल, तर बदल का केला हा प्रश्न अर्जात घाला. यावरून दोष सिद्ध होत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावे लागते.

इतर मालकांचे नुसते "माझ्याही गाडीला होतंय" उपयोगाचे नाही. त्यांची जॉब कार्डे एकत्र करता आली तर त्याला वजन येते.

कायद्याचा आधार मिळतो का?

वॉरंटी हे कंपनीने दिलेले वचन. कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क त्याहून वेगळा, आणि तो बऱ्याच ठिकाणी जास्त काळ टिकतो. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याखाली विक्रेत्यावर सहा वर्षांपर्यंत दावा लावता येतो, स्कॉटलंडमध्ये पाच. पण पहिले सहा महिने उलटल्यावर दोष मूळचाच होता हे ग्राहकाला दाखवावे लागते. युरोपीय संघात किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 लागू आहे. तक्रार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. न उघडलेल्या, निदान न धुतलेल्या इंजिनाची किंमत तेव्हा कळते. गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, म्हणजे डिलिव्हरीसाठी वगैरे, तुम्ही स्वतः चालवत असाल तरीही तुम्ही ग्राहकच आहात. आयोगाआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी, काही प्रकरणे तिथेच मिटतात.

कुठेही गेलात तरी दोष मूळचा आहे हे तुम्हालाच दाखवावे लागेल असे धरून चाला. डीलरशी संबंध नसलेल्या जाणकार मेकॅनिकचा किंवा ऑटोमोबाईल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल हवा. त्यात काय पाहिले, काय मोजले आणि त्यावरून काय निष्कर्ष काढला हे तिन्ही वेगळे लिहिलेले असावे.

कंपनीने नाही म्हटले. हाफ इंजिन करू की फुल?

मोजमापावर ठरवा, "एवढं खोललंय तर सगळंच करून टाकू" या वाक्यावर नाही. हाफ इंजिनात हेड आणि सिलिंडरपर्यंतचे काम येते: पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, सील. फुल इंजिनात क्रँककेस उघडून क्रँक, बेअरिंग, गिअरबॉक्सपर्यंत जातात. क्रँकमध्ये खेळ नसेल, ऑईल प्रेशर ठीक असेल आणि ऑईलमध्ये धातूचा चुरा नसेल तर खाली हात घालू नये. उलट बेअरिंग तुटून चुरा सगळीकडे फिरला असेल तर नुसते बेअरिंग बदलून भागत नाही. ऑईलच्या वाटा, पंप, गाळणी, सगळे साफ व्हायला हवे, नाहीतर तोच चुरा नवे बेअरिंग खातो.

बोअर करण्याआधी सिलिंडर कशाचा आहे ते विचारा. लोखंडी लायनर असेल तर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन बसतो, तुमच्या मॉडेलला तो मिळत असेल तर. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असेल तर लेथवर नेऊन नेहमीसारखे बोअर करता येत नाही. पुन्हा मुलामा द्यावा लागतो किंवा ब्लॉकच बदलावा लागतो. हे माहीत नसलेला मेकॅनिक तो मुलामा खरवडून टाकतो आणि ब्लॉक वाया जातो.

जुने पार्ट परत मागावेत का?

हो, काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर लिहूनच. कंपनीने मोफत बदलले असतील तर ते पार्ट कंपनीकडे जातात, तेव्हा फोटोवर भागवा. पैसे तुम्ही भरले असतील तर पार्ट तुमचे.

दोष न सांगता गाडी विकली तर?

करू नका. समोरचा माणूसही तुमच्यासारखाच रस्त्यावर असणार आहे, आणि जाम होणारे इंजिन त्याला पाडू शकते. दोष सांगून, तपासणीचा कागद दाखवून, त्या हिशेबाने किंमत कमी करून विका. विक्रीच्या कागदावर तसे लिहा.

इंजिनाचे काम झाल्यावर काय सांभाळायचे?

बिलावर बदललेल्या प्रत्येक पार्टचा नंबर आणि कामाची वॉरंटी लिहून घ्या. नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिन एकाच वेगात तासन्‌तास चालवू नका, चढावर वरच्या गिअरमध्ये ओढायला लावू नका, आणि फार जपून नुसते रेंगाळतही ठेवू नका. हलका-मध्यम भार बदलत राहिला की रिंगा नीट बसतात. पहिले ऑईल नेहमीपेक्षा बरेच लवकर बदला आणि ते काढताना ड्रेन बोल्टवरचे चुंबक किंवा गाळणी बघा. सुरुवातीला बारीक राखाडी लेप दिसणे चालते, पण बोटाला टोचणारे तुकडे आले तर गाडी तिथेच थांबवून त्याच दिवशी नवे जॉब कार्ड उघडा.